उसनी उंची

आमच्या वसईत उंची कधी फारशी नव्हतीच. समुद्र, खाडी, मिठागरं, भाताची खाचरं आणि केळीच्या वाड्या असा सगळा आडवा पसारा. नजर सुटली की पूर्वेला तुंगारेश्वराच्या डोंगराला, नाहीतर उत्तरेला विरारच्या जीवदानीला जाऊन टेकायची; मधे तिला हटकणारं कोणी नसे. उंच व्हायचं तर दोनच वाटा होत्या, देवाच्या दारात उभं राहायचं किंवा माडाच्या शेंड्यावर जायचं. चर्चचे मनोरे, देवळांचे कळस आणि माड एवढेच काय ते दुरून दिसत. बाकी आम्ही सगळे खाली, एकमेकांच्या कुंपणाआड, सुखात होतो. मग पाण्याच्या टाक्या आल्या, सात मजली सोसायट्या आल्या, मोबाइलचे टॉवर आले आणि उंचीचे मालक बदलले. ते बदलल्याचं मला कळलंही नसतं. पण शाळेत इंटरनेट आणायचं ठरलं आणि गच्चीवर उभं राहून, समोर दिसतं त्यातलं काय कोणाचं, हे विचारत फिरायची पाळी आली.

शाळा मराठी माध्यमाची. दुमजली, कौलं जाऊन स्लॅब आलेली, पश्चिमेकडच्या त्या पट्ट्यात जिथे रस्ता अरुंद होत होत शेवटी एका वाडीच्या फाटकापाशी हात टेकतो. मी तिचा जुना विद्यार्थी, आणि तेवढ्या एका पात्रतेवर तिच्या समितीत बसतो. विद्यार्थ्यांची माहिती ‘सरल’वर, पगाराची बिलं ‘शालार्थ’वर, वर्गखोल्या आणि नळ किती हे ‘यू-डायस’वर भरायचं, म्हणजे इंटरनेटची निकड मुलांआधी बाईंना आणि सरांना होती. मोबाइलला रेंज येई ती फक्त पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यात, शेवटच्या खांबापाशी. त्या खांबाला टेकून आमच्या शाळेची पटसंख्या सरकारदरबारी पोचत असे. परीक्षेच्या दिवसांत तिथे शिक्षकांची रांग लागे, आणि मुलांचा असा समज झाला होता की मोठ्या माणसांनाही अंगठे धरून उभं करण्याची एखादी जागा असते. एका दात्याने दिलेला स्मार्ट बोर्ड सातवीच्या वर्गात होता. त्याच्यावर शिपाईमामांनी जुन्या टेबलक्लॉथचा अभ्रा शिवून घातला होता आणि दसऱ्याला त्याची पूजा होई. पूजेपलीकडे त्याला फारसं काम नव्हतं.

पहिला विचार अर्थातच फायबरचा झाला. काचेचा तो तंतू केसासारखा बारीक असतो आणि त्या मानाने फार महागही नसतो. महाग असतो तो खड्डा. रस्ता खोदायची परवानगी काढायची, तो पूर्ववत करण्याचे पैसे आधी भरायचे, पावसाळ्यात खोदाई बंद म्हणून दिवाळीपर्यंत थांबायचं, आणि शेवटचा तुकडा कोणाच्या तरी वाडीतून न्यायचा म्हणून त्या घरच्या सगळ्या भावांच्या सह्या गोळा करायच्या. त्यातले दोघे परदेशी. अंदाजपत्रक वाचून झाल्यावर बैठकीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग खजिनदारांनी चष्मा पुसत विचारलं, “यातलं नेट केवढ्याचं आणि माती केवढ्याची?” मातीचा आकडा मोठा होता. हा प्रश्न मला अजून आठवतो, कारण ज्ञानाच्या क्षेत्रातला इतका नेमका हिशेब मी दुसरा ऐकलेला नाही.

तेव्हा कोणीतरी वायरलेसचं नाव काढलं. दुसऱ्या दिवशी केबलवाल्याकडे काम करणारा एक मुलगा आला. कमरेला पक्कड, खांद्यावर तारेचं वेटोळं, हातात ताटाएवढी पांढरी डिश. पैशांचं बोलायच्या आधी तो थेट गच्चीवर गेला, कठड्याशी उभा राहिला आणि डोळ्यांवर हात धरून क्षितिजाकडे बघू लागला. चिमाजी अप्पांनी 1739 साली किल्ल्याकडे पाहिलं असेल ते थोडंफार असंच. “सर, समोरचं टोक दिसलं पाहिजे,” तो म्हणाला. “दिसलं की झालं.” एवढ्यावर सगळं शास्त्र संपलं. मी आयुष्यभर वसईत राहिलो. पण माझ्या घरून काय दिसतं हा प्रश्न फ्लॅट विकणाऱ्यांखेरीज मला कोणी विचारला नव्हता.

नंतर मी त्या शास्त्राच्या नादी लागलो. डिशमधून निघणाऱ्या लहरी साधारण 5.8 गिगाहर्ट्झच्या. त्यांची लांबी पाचेक सेंटिमीटर, म्हणजे करंगळीएवढी. हा पट्टा आपल्याकडे परवानामुक्त असल्याने शाळेसारख्या संस्थेला तो परवडतो. लहरी मोफत, यंत्र बेताच्या किमतीचं, खड्डा नाही. मात्र करंगळीएवढ्या लहरीचा स्वभावही नाजूक. भिंत आली की ती थांबते, पानं आली की घुटमळते, आणि भिजलेली पानं आली तर तिथेच जिरते. शिवाय दोन टोकं एकमेकांना नुसती दिसून भागत नाही. त्यांच्यामध्ये दोन्हीकडे निमुळता आणि मधे फुगलेला असा हवेचा एक प्रदेश मोकळा लागतो. त्याला फ्रेनेलचं नाव आहे. ओगुस्तँ फ्रेनेल हा दोनशे वर्षांपूर्वीचा फ्रेंच माणूस. त्याने दीपस्तंभांसाठी भिंगं बनवली, जहाजांना किनारा दाखवला आणि एकोणचाळिसाव्या वर्षी क्षयाने गेला. टोकं दोन किलोमीटरवर असली, तर त्याच्या हिशेबाने मध्यावर चहूबाजूंना पाच-पाच मीटर मोकळं हवं. आमच्याकडे मध्यावर भातखाचरं होती आणि त्यांच्याबद्दल फ्रेनेलची काही तक्रार नव्हती. अडचण सुरुवातीलाच होती. शाळेच्या कुंपणाला लागून एक माड होता.

वाडीवाल्या काकांकडे मी आणि मुख्याध्यापिका बाई गेलो. काका पानवेलीला पाणी सोडत होते. त्यांनी आम्हाला बाकावर बसवलं, आतून सुकेळी मागवली आणि ऐकून घेतलं. “माड तोडायचं म्हणत नाही आम्ही,” मी घाईघाईने म्हटलं. “तोडायला देतंय कोण?” काका म्हणाले. मी लहरींची लांबी, ओल्या झावळ्या, फ्रेनेल असं सगळं सांगून टाकलं. माणूस नडलेला असला की फार शास्त्रीय बोलतो. काका वर बघत राहिले. माड त्यांनी नातीच्या बाप्तिस्म्याच्या वर्षी लावला होता. नात आमच्याच शाळेत, सातवीत, त्या अभ्रा घातलेल्या बोर्डासमोर दुसऱ्या बाकावर बसत होती. म्हणजे जिच्यासाठी नेट आणायचं, तिच्याच नावाचं झाड नेटच्या वाटेत उभं होतं, आणि दोघांची उंची वाढायचं वय अजून सरलेलं नव्हतं. “तुमचा पाइप वाढवा,” काकांनी निकाल दिला. “आणि दर दोन वर्षांनी बघत चला. हा थांबायचा नाही.” बाईंनी वहीत तसं लिहून घेतलं. पुढच्या अंदाजपत्रकात ‘माडाच्या वाढीपोटी पाइप’ असा एक खर्च पडला, आणि लेखापरीक्षकांनी त्यावर आजवर हरकत घेतलेली नाही.

दुसरं टोक एका सोसायटीच्या गच्चीवर हवं होतं. तिच्यापर्यंत फायबर आलेलं होतं, आणि सात मजले म्हणजे आमच्या भागात हिमालय. सोसायटीची गच्ची ही फार गुंतागुंतीची वास्तू असते. ती सगळ्यांच्या मालकीची, म्हणून तिची किल्ली एकाकडेच असते. ते गृहस्थ जेवायला गेलेले असतात. मग कार्यकारिणी, मग सर्वसाधारण सभा, मग रेडिएशनवर कोणाच्या तरी मेहुण्याने पाठवलेला लेख. ते सगळं झालं, त्यात नवल काही नाही. नवल पुढे झालं. भाड्याचं विचारल्यावर अध्यक्षांनी भाडं नको म्हणून सांगितलं. सोसायटीच्या आवारात गाड्या इतक्या झाल्या होत्या की मुलांना खेळायला जागाच उरली नव्हती. दर रविवारी सकाळी शाळेचं मैदान क्रिकेटला मिळावं, एवढी अट. करार झाला. आमची शाळा इंटरनेटचं भाडं षटकांत भरते.

स्वस्त पडतं म्हणतात ते असं. फायबरसाठी कचेरीत अर्ज केला, पावती घेतली की शेजाऱ्याशी बोलायचं कारण उरत नाही; जमिनीखालून येणाऱ्या गोष्टीचा स्वभावच तसा अबोल. वायरलेस घेतलं की आयुष्यभराची ऋणं होतात. अमक्याची गच्ची, तमक्याचा माड, वरच्या टाकीचा वॉचमन आणि त्याने सांभाळलेली शिडी. शाळेचं नेट गेलं तर कोणाला फोन करायचा, याची यादी बाईंच्या टेबलाच्या काचेखाली आहे. लग्नाच्या आमंत्रणांनाही तीच उपयोगी पडेल.

वसईला तारेविना पोचणाऱ्या गोष्टींची सवय मात्र जुनी. इथल्या वाड्यांना वेळ कळायची ती चर्चच्या घंटेवर. मराठ्यांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या घंटाही नेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला, भीमाशंकराला आज त्या टांगलेल्या दिसतात. ज्या आवाजाने इथे अँजेलसची प्रार्थना म्हटली जायची, त्यावर तिकडे आरती होऊ लागली. घंटेने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. आणि योगायोग असा की आपल्या देशात बिनतारी लहरीला पहिलं जाहीर काम दिलं गेलं तेही घंटा वाजवण्याचं. 1895 साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोसांनी भिंतींपलीकडे लहर पाठवून घंटा वाजवून दाखवली आणि थोडी दारूही उडवली. त्यांच्या लहरी आमच्या डिशच्या लहरींहूनही कितीतरी आखूड, मिलिमीटरांत मोजायच्या. बोस प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवायचे. शिक्षणसंस्थेने वायरलेस घ्यावं की नाही यावर आमच्या समितीत अडीच तास चर्चा झाली, तेव्हा मला हे सांगायचा फार मोह झाला होता की ही वस्तू मुळात एका मास्तराच्याच टेबलावरून उठलेली आहे.

गच्चीवरचा तो पाइप पाहिला की माझ्या पिढीतल्या माणसाच्या तोंडून आपोआप “आलं का?” निघतं. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, आणि त्यानंतर काही वर्षांनी आमच्या आळीत पहिला अँटेना उभा राहिला. वडील कौलांवर, मी अंगणात, आई पडद्यासमोर, अशी माहितीची साखळी असे. आई म्हणे “आलं”, मी ते वर पोचवेपर्यंत वडिलांनी हात अजून थोडा फिरवलेला असे, आणि ते गेलेलं असे. मुंबईच्या दिशेला तोंड करून उभे असलेले ते अँटेने चर्चगेट गाडीची वाट पाहणाऱ्या माणसांसारखेच दिसत.

त्या दूरदर्शनचं एक देणं नंतर आमच्या जिल्ह्यातच फेडलं गेलं, आणि ही कथा वसईत फार जणांना ठाऊक नाही. तेव्हा आयआयटी मुंबईत प्राध्यापक असलेले अभय करंदीकर आणि त्यांचे सहकारी यांनी देशभरात दूरदर्शनच्या वाट्याच्या लहरी मोजायला घेतल्या. 470 ते 590 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पंधरा वाहिन्यांची जागा राखून ठेवलेली. त्यातल्या किमान बारा जवळजवळ सगळीकडे रिकाम्या. सकाळची विरार लोकल पकडणाऱ्या माणसाला पंधरातली बारा बाकं रिकामी, ही कल्पनाच सहन होणार नाही. करंदीकरांनाही ती झाली नसावी. त्यांनी त्या रिकाम्या बाकांवर इंटरनेट बसवलं. जागा निवडली पालघरजवळची: खामलोली, धुकटण, जांभळांसाठी नाव मिळवलेलं बहाडोली आणि आसपासची गावं. प्रकल्पाचं नाव ‘ग्राम मार्ग’. काम सुरू झालं तेव्हा ही गावं ठाणे जिल्ह्यात होती. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला, लहरींना त्याचा पत्ताही लागला नाही. दूरदर्शनच्या पट्ट्यातली लहर अर्ध्या मीटरहून लांब, चांगली दांडगी. झाडं-झुडपं तिच्या वाटेत आली तरी ती वळसा घालून पुढे जाते. आमच्या काकांच्या माडाची तिने दखलही घेतली नसती. पण तिला परवानगी मिळाली ती प्रयोगापुरती. म्हणून पुढे पंचवीस गावांपर्यंत जाताना त्यांनाही परवानामुक्त 5.8 कडे वळावं लागलं, म्हणजे पाइप, डिश, आणि समोरचं दिसतंय का, हे सगळं ओघाने आलंच. सरकारच्या भारतनेट योजनेचं फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येणार. तिथून पुढच्या गावाला, पाड्याला, शाळेला कसं जायचं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. 2017 च्या मार्चमध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत ‘ग्राम मार्ग’ला पहिलं बक्षीस मिळालं, सव्वा लाख डॉलर. आम्ही इथे थोड्याच स्टेशनांवर राहून ते पेपरात वाचलं, आणि त्या खांबाला टेकून पटसंख्या भरत राहिलो.

पुढे टाळेबंदी आली. नेट नसलेल्या मुलांचं काय करायचं, याचं उत्तर शोधता शोधता सगळे पुन्हा दूरदर्शनच्याच दारात गेले. 20 जुलै 2020 पासून सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ सुरू झालं, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. दूरदर्शनच्या रिकाम्या जागेतून नेट शाळेत येईल असं स्वप्न पाहिलेल्या जिल्ह्यात शेवटी शाळाच दूरदर्शनमधून घरी आली. काकांची नात तेव्हा अगदी धाकट्या वर्गात. ती टीव्हीतल्या ताईंना “यस बाई” म्हणून उत्तर द्यायची, असं काकांनी सांगितलं. ताई ऐकायच्या नाहीत, पण मुख्याध्यापिका बाई तरी दर वेळी कुठे ऐकतात, असंही ते बाईंसमोरच म्हणाले.

वायरलेसचं कौतुक मी करतो आहे, पण ते फायबरची जागा घेईल असं मी मानत नाही. संध्याकाळी सोसायटीतली सगळी घरं एकदम सिनेमे लावतात तेव्हा आमच्या वाट्याचं नेट बारीक होतं. समुद्राच्या खाऱ्या हवेने क्लॅम्प गंजतात. वारा सुटला की माड झुकतो, झावळ्या वाटेत येतात, आणि भूगोलाच्या तासाला बोर्डावरचा ज्वालामुखी तोंड उघडं ठेवून थांबतो. 2018 च्या जुलैत वसईत पाणी भरलं, रूळ बुडाले, मिठागरात माणसं अडकली. तशा पुरात जमिनीतल्या पेट्या बुडतील आणि गच्चीवरची डिश कोरडी राहील हे खरं. पण तेव्हा वीजच नव्हती, आणि विजेविना कोरडी डिश ही फक्त कावळ्याच्या कामाची. मोठ्या कंपन्यांनी आता मोबाइलच्या टॉवरवरून घरोघर बिनतारी नेट द्यायला सुरुवात केली आहे. जिओचं एअरफायबर तर 2023 च्या गणेशचतुर्थीला आलं. त्यात ना शेजाऱ्याची गच्ची लागते, ना त्याची ओळख. उद्या ते शाळेच्या गल्लीतही येईल. मी विरोध करणार नाही. पण समितीत तो विषय निघाला तेव्हा रविवारच्या क्रिकेटचं काय, असं खजिनदारांनीच विचारलं, आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.

सध्या वाद निराळा आहे. एका सोमवारी शाळेत नेटच नव्हतं. केबलवाला मुलगा आला, गच्चीवर गेला आणि हसतच खाली उतरला. रविवारी कोणीतरी षटकार मारला होता, चेंडू गच्चीवर गेला होता, आणि तो आणायला चढलेल्या वीराने कठड्यावर पाय देताना आधाराला पाइप धरला होता. डिश बोटभर फिरली होती आणि शाळा दिवसभर सोसायटीऐवजी अर्नाळ्याच्या समुद्राकडे बघत बसली होती. मुलाने पाना लावला, मी खाली, बाई बोर्डासमोर, “आलं का?” “आलं!” सोसायटीचे अध्यक्ष संध्याकाळी स्वतः आले. फार ओशाळले होते. क्रिकेट थांबवतो म्हणाले. बाईंनी त्यांना चहा दिला, खिडकीतून मैदान दाखवलं आणि सांगितलं, “थांबवू नका हो. फक्त स्टंप यापुढे त्या बाजूला रोवायचे. आणि डावखुऱ्यांना सहा नाही, चारच.”